प्रामाणिक बिघाड

'विश्वासार्ह' आणि 'अविश्वसनीय' हे दोन शब्द आम्ही गेली वीस-बावीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. वेन बूथ यांनी १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली आणि तेव्हापासून साहित्याच्या प्राध्यापकांना परीक्षेत विचारण्यासाठी एक हुकमी प्रश्न मिळाला. आम्हीही तो अनेकदा विचारला आहे आणि त्याची साचेबद्ध उत्तरे तपासली आहेत. परंतु विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय, हे आम्हांला थोडेफार उमगले असेल तर ते ग्रंथांपेक्षा मासे गरवण्याच्या एका यंत्रामुळे आणि ते यंत्र दुरुस्त करणाऱ्या एका माणसामुळे. सुज्ञ वाचकांपैकी ज्यांना माशांच्या वासाचे वावडे असेल त्यांनी नाकाला रुमाल लावून पुढचे वाचावे. विषय सोडून आम्ही कोठे जाणार नाही.

या यंत्राला मराठीत स्वतःचे नाव नाही. गळाने मासे धरण्याला कोकणात 'गरवणे' असे नेटके क्रियापद आहे, गळाला 'गरी' आहे, नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याला 'तंगूस' आहे. पण काठीच्या मुठीजवळ बसून तंगूस सोडणाऱ्या आणि परत गुंडाळणाऱ्या चक्राला बाजारातले 'रीळ' हेच नाव चिकटले. शिंप्याच्या दोऱ्याचे रीळ, सिनेमाचे रीळ आणि हे रीळ अशी एकाच शब्दाची भावंडे झाली. हल्लीच्या विद्यार्थ्यांपुढे हा शब्द उच्चारला की त्यांना भ्रमणध्वनीवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आठवते, आणि आम्हांला दर वेळी खुलासा करावा लागतो.

रिळाचा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले की तो सुधारणांचा जेवढा इतिहास आहे, तेवढाच दोषांच्या देवाणघेवाणीचाही आहे. दक्षिण सुंग काळातील चिनी चित्रकार मा युआन याच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात हिवाळी सरोवरावर एकटा मासेमार होडीत बसलेला दिसतो आणि त्याच्या काठीवर एक लहानसे चक्र आहे. रिळाच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांत याची गणना होते. पुढे काही शतके रीळ म्हणजे दोरा गुंडाळून ठेवायची फिरकी, एवढेच त्याचे काम राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दंतचक्रे बसवून असे रीळ तयार केले की मूठ एकदा फिरवली म्हणजे फिरकी अनेकदा फिरावी. वेग आला, पण वेगाबरोबर एक नवी पीडाही आली. गळ पाण्यात पडून थांबला तरी फिरकी आपल्या वेगाने फिरतच राहते, तंगूस बाहेर जायला जागा उरत नाही आणि क्षणार्धात असा गुंतवळा होतो की तो सोडवता सोडवता भरतीची ओहोटी व्हावी.

या पिडेवर उपाय निघाला तो गिरणीतून. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथील वस्त्रव्यवसायात वावरलेल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ साली नव्या धर्तीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनीवरून सूत जसे टोकाकडून सुळकन निघून येते आणि बॉबिन मात्र जागची हलत नाही, तसेच येथे फेकताना फिरकी स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. फिरकीच फिरत नसल्याने वेगाने होणारा तो गुंतवळा संपला. मात्र आता दोऱ्याला पीळ पडू लागला. मासा जोर करून दोरा ओढत असताना माणूस अधीरपणे मूठ फिरवत राहिला, तर दोरा तसूभरही आत येत नाही. उलट मुठीच्या एका फेऱ्याला रीळ जितके फेरे घेते तितके पीळ त्या दोऱ्यात भरले जातात. पाचास एक या प्रमाणाचे रीळ असेल तर दहा फेऱ्यांत पन्नास पीळ. पुढच्या फेकीला हेच पीळ वेटोळी होऊन बाहेर पडतात. एक दोष गेला, दुसरा आला. आणि दुसरा पहिल्याइतका उघड नव्हता.

घड्याळजींचा या यंत्राशी असलेला संबंध स्नायडरपाशी संपत नाही. स्वीडनची प्रसिद्ध 'आबू' कंपनी १९२१ साली सुरू झाली ती घड्याळांचा कारखाना म्हणून. तिच्या नावातले 'उर' हे स्वीडिश भाषेत घड्याळच होय. फ्रान्सचे 'मिचेल' रीळ क्लूज या घड्याळांच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या गावात तयार होत असे. अमेरिकेत १९४९ साली बाजारात आलेल्या 'झेबको' रिळाचा जनक आर. डी. हल हाही टेक्सासमधला घड्याळजीच. जपानच्या 'शिमानो'ची गोष्ट किंचित वेगळी. १९२१ पासून ती सायकलीची फ्रीव्हीले बनवत होती. रिळांकडे वळली १९७० साली. पण एका बाजूला मोकळे फिरायचे आणि दुसऱ्या बाजूला अडायचे, ही फ्रीव्हीलची करामत रिळालाही हवीच असते. तात्पर्य, लहान दाते, लहान स्प्रिंगा आणि त्यांच्यातली केसाएवढी फट यांचा ज्यांना सराव, त्यांच्याच हातून हे यंत्र घडले.

ही माहिती वाचनात येण्यापूर्वीच आमचे रीळ घड्याळजीच्या दुकानात पोहोचले होते. आमचे थोरले बंधू व्यापारी जहाजावर इंजिनखोलीत नोकरीस होते. १९८७ साली एका सफरीहून परतताना त्यांनी ते रीळ आणले आणि रजेवर असले म्हणजे सिंधुदुर्गातल्या आमच्या खाडीवर ते त्याने गरवत. २००६ साली ते गेले. त्यांच्या पेटीत काही पत्रे, एक दुर्बीण आणि हे रीळ निघाले. पत्रे वहिनींनी ठेवली, दुर्बीण पुतण्याने घेतली, रीळ आमच्याकडे आले. तेव्हा त्याची मूठ दोन्ही बाजूंना फिरत होती, म्हणजे दोरा आवळून धरण्याची त्याची शक्ती गेली होती. तालुक्याच्या बाजारात रिळे दुरुस्त करणारा कोणी नव्हता. एका विद्यार्थ्याने सांगितले, "सर, घड्याळवाल्या काकांकडे द्या. ते काहीही उघडतात."

काकांनी ते खरोखरच उघडले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडले आणि चिमट्याने एक नखाएवढा तुकडा उचलून दाखवला. सायकलवाले ज्याला फ्रीव्हीलचे कुत्ते म्हणतात, तोच हा. त्यामागची स्प्रिंग खाऱ्या हवेने कुजून तुटली होती. काकांनी सतारीच्या पोलादी तारेचा तुकडा वळवून नवी स्प्रिंग केली. ती बसताच मूठ उलट फिरणे थांबले. या कामाचे त्यांनी तीस रुपये घेतले, आणि वर एक वाक्य दिले जे आम्ही पुढे अनेक वर्षे वर्गात वापरले: "सर, बंद पडलेला घड्याळ कोणाक फसवणा नाय. दिसाक दोन मिन्टा मागे पडता, ता फसयता."

आम्ही रिळांच्या बिघाडांकडे तेव्हापासून याच दृष्टीने पाहू लागलो. काही बिघाड प्रामाणिक असतात, काही फसवे.

तुटलेली स्प्रिंग प्रामाणिक. दोरा पकडणारी तारेची कमान फेकीनंतर मिटली नाही, तर त्यात लपवाछपवी नसते. हाताने मिटवावी आणि घरी येऊन स्प्रिंग बदलावी. मुठीचा खडखडाट प्रामाणिक. फिरकीवर दोरा काठोकाठाच्याही वर भरला असेल तर पहिल्याच फेकीला वेटोळी गळून पडतात आणि दोष चव्हाट्यावर येतो. विणलेला गुळगुळीत दोरा फिरकीवर थेट बांधला, तर तो आख्खाच्या आख्खा भोवती घसरत राहतो. खाली तंगुसाचे काही वेढे दिले की प्रश्न मिटतो. ही सारी बोलकी दुखणी.

फसवी दुखणी निराळी. कमानीच्या टोकाला एक लहानशी चाकी असते. दोरा आत येताना तिच्यावरून वळतो. तिच्या आत मिठाचे कण साचले की ती हळूहळू फिरायची थांबते. रीळ चालतच राहते, दोरा येतच राहतो, पण आता तो फिरत्या चाकीऐवजी थिजलेल्या धातूवर घासत येतो. महिन्याभरात दोरा कमकुवत होतो आणि तुटतो तेव्हा दोष दोऱ्यावर जातो. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू बसवलेला असेल तर खारे पाणी त्या दोन धातूंमध्ये जणू लहानशी विजेची बॅटरीच चालवते; स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि आतले ॲल्युमिनियम खाल्ले जाते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ धुवावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जोराच्या फवाऱ्याने धुतले, तर तोच फवारा मीठ आत ढकलतो. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, पुसावे, वाळवावे आणि मग ड्रॅग पुन्हा सैल करावा, असा त्याचा रास्त विधी आहे. अतिमायेनेही घात होतो. नव्या रिळांत कुत्त्याऐवजी बारीक रुळांचे एकदिशा बेअरिंग असते. त्यात कोणी प्रेमाने दाट ग्रीस भरले, तर ते रूळ पकड घेऊ शकत नाहीत आणि ऐन ओढीच्या वेळी मूठ उलट गरगरते.

सर्वांत फसवा बिघाड मात्र ड्रॅगचा, आणि रिळाची विश्वासार्हता अखेरीस तेथेच ठरते. ड्रॅग म्हणजे एकमेकींवर आवळलेल्या चकत्यांची चवड: काही धातूच्या, काही नमद्याच्या किंवा कार्बन तंतूंच्या. माशाची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की या चकत्या घसरतात आणि दोरा बाहेर सोडतात. यंत्राचे बाकीचे सर्व भाग घट्ट धरण्यासाठी, आणि हा एकच भाग सोडून देण्यासाठी. दोरा ज्या भाराला तुटतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावावा, असा जाणकारांचा संकेत आहे. पण तो लावून निश्चिंत होता येत नाही. फिरकीवरचा दोरा जसजसा संपत जातो तसतसा वेढ्यांचा व्यास कमी होतो आणि तोच ड्रॅग जास्त ओढ मागू लागतो. व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट. म्हणजे मासा जितका दूर, तितकी पकड आपोआप कठोर.

हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही १९५२ सालची कादंबरी पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. तिच्यातल्या म्हाताऱ्या सांतियागोजवळ रीळ नाही, हे वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याजवळ आहेत नुसत्या दोऱ्या. मासा लागल्यावर दोरी होडीला बांधून टाकणे त्याला शक्य असते. पण बांधली तर मासा ती तोडील, म्हणून तो ती स्वतःच्या खांद्यावरून पाठीवर घेतो, हातांत धरतो, गरज पडेल तशी सोडतो. त्याचे शरीरच ड्रॅग होते. त्याचे हात कापतात, डाव्या हाताला पेटके येतात. त्या पेटक्यावर म्हातारा रागावतो, हाताला बोल लावतो, आणि त्याचबरोबर तो हात मोकळा होण्याची वाटही पाहतो. ड्रॅगच्या चकत्या ज्याने उघडून पाहिल्या आहेत, त्याला हा प्रसंग सहनशीलतेच्या रूपकापेक्षा अधिक काही सांगतो: धरण्याचे कौशल्य म्हणजे वेळेवर सोडण्याचे कौशल्य, आणि अंग आपला दोष दुखून सांगते. आमच्या खाडीवर हातदोरीने गरवणाऱ्या एका वृद्धाने आमच्या रिळाकडे पाहून विचारले होते, "हाताक कळता ता यंत्राक खयसून कळतला?" प्रश्न रास्त होता.

यंत्राला दुखत नाही. नमद्याच्या चकत्या पावसाळाभर आवळलेल्या राहिल्या किंवा त्यांतले तेल सुकले, की त्या एकमेकींना चिकटून बसतात. हाताने ओढून पाहिले तर ड्रॅग सुटतो, पण पहिला हिसका आवश्यकतेपेक्षा मोठा असतो. लहान माशावर हे कळतच नाही. २०१४ साली आम्ही एक नवे रीळ विकत घेतले होते. त्यावर त्या मोसमात तांबोशी आली, गोबरा आला, सारे सुरळीत चालले होते. मग एका संध्याकाळी पुलाच्या खांबाशी जिताडा लागला. त्याने पहिली धाव घेतली, ड्रॅग क्षणभर सुटलाच नाही, आणि तो क्षण संपण्यापूर्वी दोरा तुटला. काकांनी उघडून दाखवले: कारखान्यातच एका चकतीला तेल लागले नव्हते. रीळ सहा महिने दिवसाला दोन मिनिटे मागे पडत होते.

याच कारणाने कझुओ इशिगुरो यांची १९८९ सालची 'द रिमेन्स ऑफ द डे' शिकवताना आम्ही काकांचे ते घड्याळ वर्गात नेतो. बटलर स्टीव्हन्स धडधडीत खोटे क्वचितच बोलतो. तो अदबीने, नीटनेटकेपणाने, किंचित मागे पडत राहतो. धादांत खोटे बोलणारा निवेदक म्हणजे तुटलेली स्प्रिंग. तो पकडायला समीक्षक लागत नाही. स्टीव्हन्ससाठी मात्र कान द्यावा लागतो, त्याचे वाक्य कोठे गरजेपेक्षा घट्ट धरून ठेवते ते हाताने ओढून पाहावे लागते. विद्यार्थ्यांना 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा पाठ असते. मागे पडणारे घड्याळ सांगितले म्हणजे ते पुस्तक पुन्हा उघडतात.

हल्ली रिळे अधिकाधिक बंदिस्त होत आहेत. 'डायवा'ने २०१० च्या सुमारास चुंबकीय तेलाचा पडदा वापरून खारे पाणी आत येऊ न देणारी रिळे काढली. तंत्र विलक्षण आहे. मीठ खरोखरच बाहेर राहते आणि रीळ दीर्घकाळ मऊ चालते. परंतु असे रीळ मालकाने घरी उघडू नये, कंपनीच्या केंद्राकडे पाठवावे, अशी अपेक्षा असते. जे उघडायचे नाही त्यावर विश्वास ठेवणे आणि जे उघडून पाहिले आहे त्यावर विश्वास ठेवणे यांत फरक आहे. पहिला विश्वास कर्त्यावरचा, दुसरा वस्तूवरचा. पहिला वाईट असतो असे नव्हे. आम्ही विमानात त्याच विश्वासाने बसतो. पण साहित्याच्या वर्गात तो पुरेसा नाही. मार्गदर्शिकेतले तयार उत्तर बहुधा बरोबरच असते. ते चुकले तर कोठे चुकले, हे मात्र विद्यार्थ्याला सांगता येत नाही, कारण त्याने झाकण काढलेलेच नसते.

२०१७ साली आम्ही बंधूंचे ते जुने रीळ पुन्हा काकांकडे नेले. फिरवताना हाताला बारीक खरखर जाणवत होती. काकांनी मुख्य दंतचक्र काढून दिव्याखाली धरले. दात एका बाजूने झिजून धारदार झाले होते. तो भाग आता कोठेच मिळत नव्हता. घासून, वंगण देऊन काकांनी खरखर घालवली असती तर आम्हांला कळलेही नसते आणि त्यांना पैसेही मिळाले असते. त्यांनी चक्र परत बसवले, झाकण लावले आणि म्हणाले, "ह्या रीळ आता लहान माशांक चलात. मोठ्या माशार नेव नकात." आम्ही काही बोललो नाही. बंधूंनी याच रिळाने काय काय ओढले होते ते आठवत होते. काकांनी त्या दिवशी काहीच घेतले नाही.

दोन वर्षांनी, २०१९ साली, त्यांच्या दुकानाच्या काचेवर एक पुठ्ठा टांगलेला दिसला: "घड्याळे घेणे बंद. हात थरथरतो." आत काका नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. पट्टे बदलून देत होते, बॅटऱ्या घालत होते. दुसऱ्या कोणाला कळण्याआधी स्वतःच्या हाताचा दोष त्यांनी स्वतः लिहून लावला होता. गिऱ्हाइके त्यांना म्हणत, अहो, एवढे काही नाही, करा तुम्ही. ते हसून नाही म्हणत. एखादे घड्याळ बिघडले असते आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते, एवढीच ती थरथर होती. २०२२ साली काका वारले. दुकान आता भ्रमणध्वनीच्या काचा बदलणाऱ्याचे आहे.

आमच्या धंद्यात असा पुठ्ठा लावण्याची चाल नाही. कविता शिकवताना कान जुना झाला, नवे लेखन वाचताना मन आधीच मागे पडू लागले, तर ते सांगणारी खरखर आमच्यात असते की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. विद्यार्थी सभ्य असतात. ते म्हणतात, सर, छान शिकवता. ड्रॅग सुटतो, रीळ चालते. निवृत्तीला चार वर्षे उरली असता हा प्रश्न आम्हांला निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो, काठ्याही माळ्यावर जातात. त्या दोन महिन्यांत आम्ही रिळे उघडतो. गेली तीन वर्षे एम.ए.च्या वर्गातली दोन-तीन मुले रविवारी येतात. स्क्रू निघाले त्या क्रमाने कागदावर मांडायचे, चकत्या पुसून तेल द्यायचे, चाकी बोटाने फिरवून पाहायची, ड्रॅग सैल करून ठेवायचा, एवढेच आम्ही त्यांना दाखवतो. बंधूंचे रीळही दरवर्षी उघडले जाते. त्याचे दात आणखी झिजले आहेत आणि ते किती झिजले आहेत, ते आम्हांला माहीत आहे. पावसाळा सरला की ते काळुंदरांपुरते खाडीवर जाते. पुलाच्या खांबाशी आम्ही ते नेत नाही.